सत्तरच्या पुढची थरथर

मी एक मोटारसायकल बोलतेय. रंग काळा, इंजिन दीडशे सीसीचं, मालकीण एकच. आम्हा गाड्यांच्या बाजारात अशा गाडीला 'एकहाती' म्हणतात आणि हा शब्द फार मानाचा. एकाच हातात राहिली म्हणजे जपून वापरली, असं लोक धरून चालतात. मी एकहाती आहे हे बडनेऱ्याच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. ते खोटं होतं हे मात्र फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरा तो, ज्यानं ते खोटं केलं. मला तोंड नव्हतं. त्याला होतं, पण त्यानं ते ऐन वेळी मिटून घेतलं. आज मला बोलायला मिळालंय, तेव्हा मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

कुठल्या कारखान्यात जन्मले, कोणी माझे नट आवळले, ते सांगून तुम्हाला कंटाळा आणत नाही. कारखान्यात सगळ्या गाड्या सारख्याच असतात. नशीब वेगळं होतं ते शोरूमच्या दारातून बाहेर पडल्यावर. अमरावतीच्या शोरूममधून मला दीक्षानं नेलं. सेल्समन तिला स्कूटर दाखवत होता, लेडीजसाठी हलकी म्हणून. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यावर येऊन बसली. मला ती तिथेच आवडली.

दीक्षा पशुधन पर्यवेक्षक. मूर्तिजापूरकडच्या एका गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तिची नेमणूक होती. आजूबाजूच्या गावांत जाऊन गाईम्हशींना कृत्रिम रेतनानं फळवणं हे तिचं मुख्य काम. माझ्या मागच्या कॅरिअरवर वीर्याच्या कांड्या गार ठेवणारं नायट्रोजनचं जाड कॅन बांधलेलं असायचं. सुरुवातीला शेतकरी तोंड लपवून हसायचे. पण हे काम हाताचं असतं. जनावराच्या पोटात हात घालून, डोळ्यांनी काही दिसत नसताना, नेमक्या जागी पोचायचं. हात जरा हलला की मेहनत वाया. दीक्षाच्या हाताच्या गाई फळायला लागल्या तशी माणसं हसायची थांबली. "मॅडमचा हात लागला म्हंजे झालं," असं म्हणायला लागली.

मी दारात आले त्या दिवशी आई इंदूबाईनं माझ्या हँडलला निळी रिबीन बांधली, विहारासमोर नेऊन उभी केली आणि पेढे वाटले. वडील धर्मपाल माझ्याभोवती दोनदा फिरले. एसटीत ड्रायव्हर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. आता निवृत्त. त्यांनी माझं हँडल धरून पाहिलं आणि सगळ्यांसमोर बजावलं, "गाडी हात ओळखते, दीक्षा. पहिला हात तुहा लागला, आता तुहाच राहू दे. कोणाले देऊ नोको. सुगत, तुले बी सांगून राहिलो. ताईच्या गाडीले हात लावशीन तं मले तोंड दाखवू नोको."

सुगत म्हणजे दीक्षाचा धाकटा भाऊ. कुठल्या ना कुठल्या भरतीची तयारी करायचा, म्हणजे चौकात बसायचा. सुगत तसा वाईट नव्हता, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

एकदा दीक्षा प्रशिक्षणाला नागपूरला गेली, रेल्वेनं. आईवडील नांदगाव खंडेश्वरला इंदूबाईच्या माहेरी गेले होते. मी दारातल्या टिनाच्या शेडखाली एकटी. सुगतच्या दोस्ताचं लग्न बाळापूरला होतं. त्यानं किल्ली शोधून काढली आणि मला बाहेर काढलं. जाताना ठीक गेलो. येताना अकोल्याच्या अलीकडे त्यानं खिशातून मोबाइल काढला. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मोबाइल, स्वतःचा व्हिडिओ काढायचा होता म्हणे. समोरचा दुभाजक त्याला दिसला नाही. मला दिसला होता.

त्याचं कोपर खरचटलं. माझ्या पुढच्या शॉकअपच्या दोन्ही नळ्या वाकल्या. त्या नळ्यांना वर मानेपाशी धरून ठेवणारा जो लोखंडी तुकडा असतो, गॅरेजवाले त्याला टी म्हणतात, तोही पिळला. रस्त्याकडेच्या एका वर्कशॉपमध्ये नळ्या प्रेसवर दाबून सरळ केल्या. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, नळ्या बदला अन् टी बी बदला. दाबून सरळ केलं थे दिसते सरळ, राहत नाही." सुगत म्हणाला, "ठोकल्याचं दिसाले नको, बस." फुटलेली काच बदलली, खरवडलेल्या जागी रंग फासला. घरी आणून त्यानं मला शाम्पूनं धुतलं. जन्मात पहिल्यांदा.

दीक्षा परत आली आणि मला चकचकीत पाहून हरखली. "सुगत, तू धुतली? लय शहाणा झाला बापा तू." तो हसला. मला तेव्हाच कळलं की हा कधीच सांगणार नाही.

सोमवारी ती कामावर निघाली. लोणी मागे पडलं, चौपदरी रस्ता मोकळा होता. काटा साठवर होता तोवर मी गप्प होते. सत्तर ओलांडलं आणि माझ्या पुढच्या चाकातून एक थरथर उठली. पिळलेल्या टीमुळे माझं पुढचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत राहिलं नव्हतं. हळू जाताना त्याचं काही वाटत नाही. वेगात मात्र चाक रेषेत यायला बघतं, पलीकडे जातं, परत येतं, आणि हे जाणंयेणं वाढत जातं. हँडल तिच्या हातात डावं-उजवं फडफडायला लागलं. तिनं एक्सलेटर सोडला. पंचावन्नला मी शांत झाले. ती रस्त्याकडेला थांबली, चाकाकडे पाहत राहिली आणि काही न दिसल्यानं पुढे निघाली.

त्या आठवड्यात तिनं मला जनावर तपासावं तसं तपासलं. कॅन काढून रिकामी चालवली. थरथर थोडी कमी, पण होतीच. हवा तपासली. हात सैल सोडून पाहिले, मग घट्ट धरून पाहिले. वेग वाढवताना जितकी होते त्याहून उतरवताना जास्त होते, हेही तिनं हेरलं. मला अभिमान वाटला. मग तिनं घरी जेवताना हे सांगितलं, आणि इथून तिचे वाईट दिवस सुरू झाले.

सुगतनं घास गिळायच्या आधीच उत्तर दिलं. "तुहे हातच कापत असतीन, ताई. गाडीले काय धाड भरली? नवी कोरी आहे." तो लगेच उठला, मला बाहेर काढलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत एका हातानं चालवून आणलं. "पाहा बाबा. हालली का?" गल्लीत गाडी चाळीसच्या वर जात नाही, पोरं खेळतात. मी हलणार कशी?

धर्मपालांनी मान डोलावली. ड्रायव्हर माणूस, आपल्या धंद्याचा गर्व. म्हणाले, "हँडल नाही हालत, बेटा. हात हालते. घट्ट धरलं का असंच होते. तू भेते हायवेले, म्हणून घट्ट धरते."

"मी रोज त्याच रस्त्यानं जातो बाबा. आधी काहून नाही हालली?"

सुगतनं भाजीची वाटी पुढे ओढली.

दीक्षानं मला खुशालरावच्या गॅरेजला नेलं. सुगत आपणहून सोबत आला. ताई एकटी जाते म्हणून नाही. मिस्त्री काय काढतो ते पाहायला. खुशालरावनं माझ्यावर बसून गॅरेजपासून पुढच्या स्पीडब्रेकरपर्यंत एक चक्कर मारली. बडनेऱ्यात सगळे मिस्त्री ट्रायल अशीच घेतात, ब्रेकरपर्यंत आणि परत. "नीट तं आहे," तो म्हणाला. तरी मॅडम सरकारी नोकरीतल्या, त्यांचा मान म्हणून त्यानं मानेतला छऱ्यांचा कोनसेट बदलला, पुढचा टायर बदलला, चाकाच्या तारा ओढून रिम सरळ केली. दर वेळी दीक्षा मला हायवेवर न्यायची आणि दर वेळी सत्तरला माझं तेच रडगाणं.

"तुमी एकदा हायवेवर नेऊन पाहा ना," ती म्हणाली. "सत्तरच्या वर. ब्रेकरपर्यंत जाऊन काय समजन?"

"म्या काहून जाऊ, मॅडम? हालली अन् पडलो तं? मले लेकरं आहेत. तुमीच साठच्या आत चालवा." असं म्हणून तो स्वतःच हसला. पण त्या दिवशी त्यानं माझ्या पुढच्या नळ्यांवरून बोटं फिरवली, वाकून टीकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुठी ठोकली होती का?"

"नाही," दीक्षा म्हणाली. "माह्या हातून कधी पडलीच नाही."

खुशालरावनं सुगतकडे पाहिलं. सुगत माझ्या सीटवर हात टेकून उभा होता. मला त्याच्या तळव्याचा घाम कळला. तो म्हणाला, "एकहाती आहे ना काका. बाबा कोणाले हात लावू देत नाही."

"मंग टी खोलाची काय गरज," खुशालराव म्हणाला आणि हात पुसायला फडकं उचललं. एकहाती गाडीचा टी कोणी खोलत नाही. पाहुण्याला जेवलात का विचारल्यावर तो हो म्हणाला की आपण ताट वाढत नाही, तसं झालं हे. दीक्षा रोज शेतकऱ्यांना विचारायची, गाईनं काल काय खाल्लं, कुठे पडली होती का, आणि मालक खोटं बोलला की तिला लगेच कळायचं. घरच्या माणसाचं खोटं तिला कळलं नाही. घरच्यांवर कोण असा डोळा ठेवतं?

सुगतला तिथेच थांबता आलं असतं. पण एकदा खोटं बोललं की त्याला खतपाणी घालावं लागतं. चौकात तो हसून सांगायचा, "आमच्या ताईचा हात कापते, अन् नाव गाडीचं." चौकातल्या गोष्टीला बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला जायला तिकीट लागत नाही. दूधवाल्यांनी नेली.

घरात दीक्षा आता पाण्याचा पेला हात लांब करून धरायची आणि पाणी हलतंय का पाहायची. शेडमधून मला खिडकीतून दिसायची. इंदूबाई दारात उभी राहून बघायची, मग डोळ्याला पदर लावायची, आणि तिच्या त्या रडण्यानं दीक्षाचा हात खरंच किंचित हलायचा. एक दिवस ती अमरावतीच्या डॉक्टरकडे गेली. परत येऊन माझं स्टँड लावताना आईला म्हणाली, "डॉक्टर म्हणे काहीच नाही. हात चांगला आहे."

ओसरीवरून सुगत म्हणाला, "दवाखान्यात कोणाचा हात कापते? हायवेवर कापते तुहा."

धर्मपाल पेपर वाचत होते. त्यांनी पोराला गप्प केलं नाही. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनाही ते पटत होतं. बापाच्या मायेला डोळे असतात असं म्हणतात. धर्मपालांचे पोराच्या बाजूनं मिटलेले होते.

आणि मग कुरूमजवळच्या एका गावातला तो दिवस आला. शालिकराम नावाच्या शेतकऱ्यानं गाईसाठी फोन केला होता. आम्ही पोचलो तर खाजगी डॉक्टरची गाडी आधीच उभी. शालिकराम दीक्षासमोर आला, पण तिच्याकडे न पाहता माझ्या चाकाकडे पाहत बोलला. "मॅडम, राग नका मानू. गाय नवी आहे. तुमचा हात कापते म्हणतात. तुमी राहू द्या."

"कोण म्हणते?"

"सगळेच म्हणतात, मॅडम. तुमच्या घरचेच म्हणून राहिले म्हणे."

तिनं कॅनचा पट्टा पुन्हा आवळला. परतीच्या वाटेवर तिनं मला चाळीसच्या वर नेलं नाही. मागून ट्रक हॉर्न मारत होते. ज्या हातावर तिनं नोकरी, नाव, मान सगळं मिळवलं होतं, त्या हातावर आता तिचाच भरवसा उरला नव्हता. घरी येऊन ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, गाडी विकून टाका. अन् मी अर्ज करतो. मले ऑफिसातलं काम द्या म्हणतो. माह्यानं आता गाईत हात घालणं होत नाही."

सुगतचा चेहरा मी पाहिला. त्यावर समाधान होतं. मी विकली गेले की वाकलेला टी कुठल्यातरी परक्याच्या दारात जाणार होता, आणि मग परक्याचं काय व्हायचं ते होवो.

धर्मपालांनी उठून माझं हँडल धरून पाहिलं. मग म्हणाले, "विकाच्या आधी मी एकदा चालवून पाहतो. हात खराब का गाडी खराब, उद्या फैसला."

रविवारी सकाळी ते दीक्षाचं हेल्मेट घालून माझ्यावर बसले. सुगत चहाचा कप घेऊन उभा होता. "चाल, मांगे बस," ते त्याला म्हणाले. "तू काट्यावर नजर ठेव, मी रस्ता पाहतो."

"मले काम आहे, बाबा."

"रविवारचं काय काम बे तुले?"

"आहे ना. तुमी जा. हळू जा."

"हळू गेलो तं टेस्ट कायची? पोट्टी म्हणते सत्तरच्या पुढे हालते, तं सत्तरच्या पुढेच पाहा लागन."

इतक्या दिवसांत दीक्षा सोडून हे वाक्य बोलणारा तो पहिला माणूस होता. सुगतच्या कपातला चहा बशीत सांडला. त्याला दोन शब्द पुरे होते. 'ठोकली होती.' तेवढं बोलला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या, एखादी थप्पड खाल्ली असती, आणि संध्याकाळी सगळे जेवायला बसले असते. तो बशीतला चहा प्यायला.

दीक्षा धावत फाटकापर्यंत आली. "बाबा, हालली तं ब्रेक नका मारू. फक्त एक्सलेटर सोडा."

"आता तू मले शिकवते?" ते हसले. चांगलं हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना लेकीचं कौतुक वाटलेलं मला दिसलं.

हायवे रिकामा होता. पन्नास, साठ. त्यांचा हात खरंच सुरेख होता, सैल आणि खंबीर. पासष्टला ते स्वतःशी म्हणाले, "कुठी हालते?" सत्तर गेलं, पंचाहत्तर आलं, आणि मी स्वतःला रोखू शकले नाही. हँडल फडफडलं. त्यांनी ते दाबून धरलं, तसं ते आणखी चिडलं. जन्मभर बस चालवलेल्या माणसाचा पाय, तो विचारायला थांबत नाही. त्यांनी ब्रेक दाबला. सगळं वजन माझ्या त्या पिळलेल्या मानेवर आलं. हेल्मेटच्या आतून ते बोलले ते फक्त मी ऐकलं.

"पोट्टी खरं सांगत होती."

मग कठडा आला. ते कठड्यावर आपटले, मी त्यांच्या अंगावरून पुढे गेले. जवळच्या शेतातली माणसं पोचली तेव्हा ते गेलेले होते. बडनेऱ्याच्या रस्त्यावर लेकीला खरी ठरवणारा एकच साक्षीदार होता आणि मी त्याला मारलं होतं.

आता मी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात पडले आहे, जप्त केलेल्या रेतीच्या ट्रॅक्टरला टेकून. सीटखाली उंदरांनी घर केलंय. पाहणी करणारे साहेब आले होते. त्यांनी माझा चेंदामेंदा झालेला पुढचा भाग पाहिला आणि सोबतच्या शिपायाला सांगितलं, "चालकाचा ताबा सुटला." त्यांची चूक नाही. अकोल्याचा तो जुना वाक कठड्याच्या नव्या वाकात असा मिसळून गेलाय की आता मला स्वतःलाही तो वेगळा काढता येत नाही. कोणी माझा टी खोलून पाहा, अशी विनवणी मी इतके दिवस मनातल्या मनात करत होते. आता करत नाही. आता खोलून काही दिसणार नाही.

भंगारवाला उद्या-परवा येईल. जाण्याआधी काल काय झालं तेवढं सांगते.

काल दीक्षा आली होती, मला सोडवून भंगारात द्यायच्या सह्या करायला. सोबत सुगत आणि इंदूबाईचे भाऊ देवमनमामा. पांढऱ्या साडीत ती लहान दिसत होती. मामांनी माझ्याकडे पाहून सुस्कारा टाकला. "जिंदगीभर एसटी चालवली, एक ओरखडा नाही. अन् आता असं कसं झालं?"

सुगतनं खाली पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. आता वडीलच नाहीत, कोणाला भ्यायचं? तो म्हणाला, "मामा, बाबाचा बी हात कापत होता आता आता. चहा पेताना मी पाह्यलं होतं. आमच्या घरात आहेच थे. ताईले बी तिथूनच आलं."

मामांनी मान हलवली. "मंग त्याईनं जायलेच नको होतं."

"ताईचा आजार पाहाले गेले ना थे," सुगत म्हणाला.

दीक्षानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओरडत होते, पण गंजलेल्या लोखंडाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिनं ते मान्य केलं. बापाला आपल्या हातानं मारलं, हे तिच्या मनात कायमचं बसलं. शिपायानं सहीसाठी पेन पुढे केलं. तिनं ते घेतलं आणि पेन तिच्या बोटांत थरथरायला लागलं. कुठला वेग नव्हता, कुठला हायवे नव्हता. ती जागच्या जागी उभी होती आणि तिचा उजवा हात खरोखर कापत होता, थांबत नव्हता.

सुगतनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, अगदी मायेनं, आणि मामांकडे वळला.

"पाह्यलं ना मामा? मी म्हणत होतो."